खाऱ्या-गोड्या पाण्याची शाळा

परदेशी जाऊन आलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकाला प्रवासवर्णन पाठवायचेच, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. तो मोडण्याची किंवा पाळण्याची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती, कारण मी कधी परदेशी गेलोच नव्हतो. दोन वर्षांपूर्वी मात्र भाच्याकडे कॅनबेराला तीन आठवडे राहून आलो. तरीही वाचकांनी घाबरू नये. कांगारू, सिडनीचे ऑपेरा हाऊस आणि तिथल्या रस्त्यांची स्वच्छता यांविषयी मी एक अक्षरही लिहिणार नाही. मला सांगायचे आहे ते झाडाच्या एका सालीविषयी, आणि त्या सालीने माझ्याच कपाटातल्या एका जुन्या हस्तलिखिताची आठवण का करून दिली, त्याविषयी.

सालीवरचा अर्ज

भाचा म्हणाला, "मामा, आज तुम्हाला इथलं पार्लमेंट दाखवतो." मला राजकारणाची फारशी आवड नाही, पण पाहुण्याने नाही म्हणू नये म्हणून गेलो. तिथे काचेमागे दोन उभे फलक ठेवले होते. जवळ जाऊन पाहतो तो फलक लाकडाचे नव्हते, झाडाच्या सालीचे होते. मधोमध टंकलिखित कागद चिकटवलेला, आणि त्याच्या चारी बाजूंनी तांबड्या, पिवळ्या, काळ्या, पांढऱ्या रंगांत बारीक नक्षी आणि प्राण्यांची चित्रे काढलेली. देवघरातल्या तसबिरीसारखी दिसणारी ती वस्तू म्हणजे सरकारला केलेला अर्ज होता!

हा अर्ज १९६३ सालचा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड नावाचा प्रदेश आहे. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात, समुद्राच्या काठी यिर्कला हे गाव. तिथले आदिवासी स्वतःला 'योलङू' म्हणवतात. सरकारने त्यांना न विचारता त्यांच्या राखीव जमिनीतला ३०० चौरस किलोमीटरहून मोठा तुकडा बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतला. तेव्हा योलङूंनी आपल्या भाषेत आणि इंग्रजीत अर्ज लिहिला, तो सालीवर चिकटवला आणि भोवती आपापल्या कुळांची चित्रे रंगवली. ही चित्रे केवळ शोभेसाठी काढलेली नव्हती. ज्याच्या कुळाची नक्षी, त्याची ती जमीन, असा तिथला कायदा आहे. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर त्यांनी अर्जाला सातबाराच जोडला होता! संसदेपुढे आलेला हा दोन भाषांतला पहिलावहिला अर्ज. खाण मात्र थांबली नाही. १९७१ मध्ये ते न्यायालयातही हरले. पण त्या लढ्यातूनच १९७६ चा जमीनहक्काचा कायदा झाला.

मराठीच्या मास्तराची नजर शेवटी अक्षरांवरच जाणार. त्यांच्या भाषेत आपल्यासारखाच 'ण' आहे, 'ळ' आहे, आणि 'ङ'सुद्धा आहे. आपला ङ बिचारा वर्णमालेच्या ओळीत हजेरी लावण्यापुरता उरला आहे. योलङूंकडे तो शब्दाच्या आरंभी ताठ उभा राहतो. आई म्हणजे 'ङाण्डी' आणि वडील म्हणजे 'बापा'. हा निव्वळ योगायोग, पण मला हसू आले. आणखी मौज म्हणजे आईच्या बहिणीलाही ते ङाण्डीच म्हणतात. माय मरो पण मावशी जगो, हे त्यांना निराळे सांगायला नको.

मुठे कुठे गेले?

त्या काचेसमोर उभा असताना मला जे हस्तलिखित आठवले, त्याची हकीगत आता सांगतो.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने लेख आणून दिला. मुलगा कातकरी वाडीवरचा, अबोल, मागच्या बाकावर बसणारा. लेखाचा विषय होता पावसाळ्यातली रात्र. पहिला पाऊस पडला की शेताच्या बांधांतून मुठे कसे बाहेर पडतात, बत्तीच्या उजेडात ते कसे धरायचे, आणि खाडीच्या चिखलातली चिंबोरी बिळातून काढायची तर भरती-ओहोटीचा अंदाज कसा घ्यायचा, हे सारे त्याने चार पाने भरून लिहिले होते.

मी लाल शाई घेतली. वाडीवरचे शब्द बदलले, वाक्ये सरळ केली. मुठे खोडून 'खेकडे' केले. चिंबोरी खोडून तिथेही 'खेकडे'च लिहिले. अंक छापून आला. मुलाने आपला लेख उभ्याउभ्याच वाचला आणि मला विचारले, "सर, यातले मुठे कुठे गेले?"

मी म्हणालो, "अरे, खेकडे आहेत की!"

तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याने अंकासाठी काही दिले नाही. दिवाळीनंतर त्याच्या घरची माणसे वीटभट्टीवर गेली, त्यांच्याबरोबर तोही गेला, तो परत आला नाही. त्याच्या जाण्याला माझी लाल शाई कारणीभूत होती असे म्हणण्याइतका मी स्वतःला मोठा समजत नाही. पोटाची कारणे शाईपेक्षा गडद असतात. पण एक गोष्ट मात्र निर्विवाद माझ्या पदरी आहे. मी स्वतः लहानपणी आईच्या हातचे मुठ्यांचे कालवण खाऊन वाढलो. मुठे वेगळे आणि चिंबोरी वेगळी, हे मला ठाऊक होते. ते ठाऊक असूनही, शाळेत शिकून मोठा झालेल्या माझ्यातल्या माणसाने दोहोंचा मिळून एक खेकडा केला.

कॅनबेराहून परतल्यावर मी मिळेल तिथून यिर्कलाविषयी वाचीत गेलो. त्यांनी आपल्या मुलांच्या शाळेचे काय केले, हे मला जाणून घ्यायचे होते.

दोन पाण्यांची भेट

यिर्कलाला शाळा आली ती मिशनबरोबर. मेथडिस्ट मिशनने १९३५ मध्ये तिथे ठाणे उभारले. त्या काळचे सरकारी धोरण असे, की आदिवासींनी हळूहळू गोऱ्या समाजात विरघळून जावे. साखर पाण्यात विरघळते तेव्हा पाणी गोड तरी होते. इथे साखर नाहीशी व्हावी आणि पाणी मात्र होते तसेच राहावे, अशी अपेक्षा होती. १७८८ मध्ये इंग्रजांनी पहिली वसाहत केली तेव्हा त्या खंडात २५० हून अधिक भाषा बोलल्या जात. आज मुले आईच्या मांडीवर शिकतात अशा जेमतेम डझनभर भाषा उरल्या आहेत. योलङूंच्या भाषा त्यांतल्या आहेत.

१९७२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात सरकार बदलले. पंतप्रधान व्हिटलॅम यांच्या सरकारने जाहीर केले, की नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासी मुलांना आधी त्यांच्याच भाषेत शिकवावे. कल्पना साधी होती. मुलाने लिहा-वाचायला मातृभाषेतून शिकायचे, इंग्रजी तोंडी सुरू करायची आणि पुढच्या इयत्तांत तिचा वाटा वाढवीत न्यायचा. १९७३ मध्ये काही शाळांत आरंभ झाला, १९७४ मध्ये यिर्कलाला. पण शिकवायचे कशातून? पुस्तकेच नव्हती. म्हणून शाळेतच पुस्तके तयार करण्याचे केंद्र निघाले. म्हाताऱ्यांनी सांगायचे, शिक्षकांनी लिहून घ्यायचे, गावच्या चित्रकारांनी चित्रे काढायची आणि तिथल्या तिथे छापायचे. अशा केंद्रांतून निघालेली पुस्तके पुढे डार्विनच्या चार्ल्स डार्विन विद्यापीठाने २०१२ पासून एका डिजिटल संग्रहात जतन करायला घेतली.

इथवरची गोष्ट सरकारी कृपेची आहे. खरी गोष्ट पुढे सुरू होते. मुले योलङू भाषेत वाचू लागली, पण शाळेत काय शिकवायचे, कोणी शिकवायचे आणि दिवसाची आखणी कशी करायची, हे ठरवणारे गोरेच होते. योलङू शिक्षक 'मदतनीस' म्हणून वर्गात उभे असत. भाषा आमची, पण शाळा कोणाची, असा हा प्रश्न होता. १९८० च्या दशकात त्या शिक्षकांनी स्वतःचा कृतिगट उभा केला, गावातल्या वडीलधाऱ्यांना शाळेच्या कारभारात आणले आणि अभ्यासक्रम स्वतः रचायला घेतला.

त्यासाठी त्यांनी शिक्षणशास्त्रातली परिभाषा उसनी आणली नाही. आपल्याच भूमीकडे पाहिले. समुद्राचे खारे पाणी भरतीबरोबर आत येते, जमिनीवरचे गोडे पाणी ओढ्यातून खाली येते, आणि दोन्ही भेटतात तिथे पाण्यावर फेस उमटतो. या भेटीला त्यांच्याकडे 'गन्मा' म्हणतात. त्यांनी असे मांडले, की गोऱ्यांची विद्या हे खारे पाणी आणि आमची विद्या हे गोडे पाणी. शाळा दोहोंच्या भेटीच्या जागी असावी. एकाने दुसऱ्याला गिळू नये. दोन्ही प्रवाहांचा जोर सारखा असेल तरच तिथे काही नवे निपजेल.

हे ऐकायला काव्यमय वाटते, पण त्यांनी त्यातून अगदी रोजचे, वर्गातले काम उभे केले. वडीलधारी मंडळी विषय ठरवीत. मुले आणि शिक्षक त्यांच्याबरोबर रानात, किनाऱ्यावर जात. तिथली झाडे, कंद, मासे, जागांची नावे, त्या जागा कोणाच्या आणि का, हे शिकून येत. मग वर्गात त्यावर लेखन, वाचन, चित्रे. या कार्यशाळेला नावही त्यांनी आपल्या विधींच्या भाषेतलेच दिले.

आणि गणित? आपल्यालाही प्रश्न पडेल, की मातृभाषा गोष्टीगाण्यांना ठीक, पण गणिताचे काय? यिर्कलाच्या शिक्षकांनी 'गर्मा' गणित नावाचा अभ्यासक्रम रचला. त्याचे दोन मोठे भाग. एक 'जल्किरी', म्हणजे पाऊलखुणा, जागा आणि दिशा यांचे ज्ञान. दुसरा 'गुर्रुटु', म्हणजे नातेसंबंध.

नात्यांचे गणित हे आपल्याला कळायला अवघड जाऊ नये. इंग्रजाची एक 'आंटी' आपल्याकडे आत्या, मावशी, काकू आणि मामी अशा चार घरी राहते. योलङूंची रचना याहून काटेकोर आहे. त्यांचे सारे जग दोन अर्धांत वाटलेले आहे, धुवा आणि यिरिचा. माणूस, जमीन, वारा, मासा, प्रत्येक गोष्ट या नाही तर त्या अर्धातली. मूल बापाच्या अर्धात जन्मते आणि आई नेहमी दुसऱ्या अर्धातली असते. म्हणजे मूल आणि आई यांचे अर्ध वेगळे, पण मूल आणि आईची आई यांचे एकच! एका नियमाची घडी पुन्हा पुन्हा घालत गेले की सारी नाती आपोआप बसत जातात. एकात एक मिळवत गेले की सारे अंक मिळतात, त्यातलाच हा प्रकार. सहा वर्षांच्या योलङू मुलाला ही घडी घरीच येत असते. शिक्षकांनी एवढेच केले, की जे मुलाला येते तिथून सुरुवात केली, आणि त्याच्या शेजारी अंकगणित मांडले.

मूल आणि आई या जोडीला त्यांच्या भाषेत 'योथू यिंडी' म्हणतात. याच नावाचा एक वाद्यवृंद १९९१ मध्ये 'ट्रीटी' या गाण्याने ऑस्ट्रेलियाभर गाजला. त्याचे प्रमुख गायक डॉ. एम्. युनुपिंगू. माणूस गेल्यावर त्याचे नाव उच्चारू नये असा योलङूंचा रिवाज आहे, म्हणून मीही त्यांचे पूर्ण नाव लिहीत नाही. ते गायक होते हे सर्वांना ठाऊक आहे. ते मुळात मास्तर होते, हे आम्हा मास्तरांना ठाऊक असावे. आर्नहेम लँडमधून विद्यापीठाची पदवी घेणारे ते पहिले आदिवासी. १९९० मध्ये ते यिर्कलाच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९९२ मध्ये त्यांना त्या वर्षीचे 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' म्हणून गौरवण्यात आले. २०१३ मध्ये ते गेले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या भाषातज्ज्ञ शिक्षिका डॉ. आर्. मारिका यांनी १९९८ मध्ये कॅनबेराला मानाचे वेंटवर्थ व्याख्यान दिले. त्या २००८ मध्ये गेल्या.

चार तासांचा हुकूम

अशी शाळा सुखाने चालू देतील तर ते सरकार कसले? १९९८ च्या अखेरीस नॉर्दर्न टेरिटरी सरकारने द्वैभाषिक शिक्षण गुंडाळण्याचे जाहीर केले. लोकांनी निषेध केला, चौकशी नेमली गेली, आणि अखेर नाव बदलून कार्यक्रम कसाबसा टिकला. पुन्हा २००८ च्या ऑक्टोबरात हुकूम निघाला, की प्रत्येक शाळेत दिवसाचे पहिले चार तास शिकवणे इंग्रजीतूनच झाले पाहिजे. आता शाळेचा दिवस तो केवढा! चार तास गेल्यावर मातृभाषेच्या वाट्याला उरते ती दुपारची पेंग. आणि हा हुकूम काढणाऱ्या मंत्रीणबाई स्वतः आदिवासी होत्या.

त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्याच वर्षी देशभर घेतलेल्या चाचण्यांत दूरच्या आदिवासी शाळांचे निकाल वाईट आले होते. मुलांची हजेरी कमी होती, आजही अनेक ठिकाणी कमीच असते. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला नोकरी कोण देणार, दवाखान्यात त्याचे कोण ऐकणार, ही काळजी खोटी नव्हती. योलङू वडीलधाऱ्यांनाही मुलांना पक्के इंग्रजी यायला हवेच होते. सालीवरचा अर्ज दोन भाषांत होता तो उगाच नव्हे. भांडण इंग्रजी हवे की नको, हे नव्हतेच. इंग्रजीसाठी घरचे गहाण टाकायचे का, आणि तो व्यवहार ठरवणार कोण, हे भांडण होते.

यिर्कलाने आपली पद्धत सोडली नाही. तो हुकूम २०१२ मध्ये मागे पडला. आणि २०२० मध्ये या शाळेतले आठ विद्यार्थी विद्यापीठ-प्रवेशाला पात्र ठरणारे गुण मिळवून बारावी झाले. गावातच राहून, दोन्ही भाषांत शिकून तिथवर पोचलेली शाळेची ही पहिली तुकडी. आठ हा आकडा आपल्याकडच्या निकालाच्या जाहिरातींपुढे किरकोळ वाटेल. पण १९७४ पासून मोजले तर त्या आठांमागे ४६ वर्षांची चिकाटी आहे.

हे केवळ एका गावाचे वेड होते असेही नाही. खंडाच्या मध्यावर ॲलिस स्प्रिंग्ज नावाचे शहर आहे. शहराच्या कडेच्या वस्त्यांत राहणाऱ्या आदिवासींची मुले शहरातल्या शाळांत रमत नव्हती. तेव्हा वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी १९७८ मध्ये स्वतःची शाळा सुरू केली. नाव ठेवले यिपिरिन्या, म्हणजे सुरवंट, कारण त्या भूमीच्या निर्मितिकथेत सुरवंटांना मोठा मान आहे. सरकार शाळेची नोंदणी करीना. प्रकरण न्यायालयात गेले. १९८३ मध्ये मान्यता मिळाली. पश्चिमेकडे पिलबारा भागातही तसेच. तिथल्या आदिवासी गुराख्यांनी १९४६ च्या १ मे रोजी मजुरीसाठी संप पुकारला होता. दूरदूरच्या तळांवर विखुरलेल्या, अक्षरओळख नसलेल्या त्या माणसांनी कॅलेंडरवर एकेक दिवस खोडत संपाची तारीख साधली. त्यांच्याच परंपरेतल्या लोकांनी १९७६ मध्ये स्ट्रेली येथे आपली शाळा उघडली.

मचूळ पाणी

हे सारे वाचताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. आम्ही मराठीवाले मातृभाषेतून शिक्षण या विषयावर व्याख्याने झोडत असतो. आपल्या राज्यघटनेतही १९५६ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याविषयी कलम आले. पण मातृभाषा म्हणताना आमच्या डोळ्यांसमोर पुस्तकातली मराठी असते आणि समोर इंग्रजी हा एकच राक्षस असतो. वाडीवरच्या मुलाच्या दृष्टीने खारे पाणी आम्हीच आहोत, हे आमच्या ध्यानीमनीही नसते. यिर्कलाने मला शिकवले ते हे, की पुस्तकाची भाषा बदलल्याने शाळा मुलाची होत नाही. काय शिकवायचे आणि काय खोडायचे हे ठरवणाऱ्यांत त्याची माणसे बसली, की ती होते.

खारे आणि गोडे पाणी मिसळते त्याला आपण कोकणात 'मचूळ' म्हणतो आणि तोंड वाकडे करतो. वास्तविक आपल्या खाडीचे वैभव त्याच पाण्यात आहे. आमच्या पेण-अलिबागकडचा जिताडा घ्या. तो गोड्या पाण्यात वाढतो, पिलावळीसाठी नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात उतरतो, आणि त्याच्या चवीपुढे बाकीच्यांनी हात जोडावेत. तोच मासा आर्नहेम लँडच्या नद्यांतही आहे. तिथे त्याला बारामंडी म्हणतात. त्याला कधी कोणी विचारले नाही, की बाबा, तू खरा कुठल्या पाण्याचा?

परत आल्यावर मी कपाट उघडून ते हस्तलिखित काढले. माझ्या लाल रेघांखाली निळी अक्षरे अजून स्पष्ट आहेत. वार्षिक अंकाचे संपादन मी यंदा एकट्याने केले नाही. विद्यार्थ्यांची समिती नेमली आणि तीत वाडीवरची एक मुलगी घेतली. कोणता शब्द ठेवायचा, हे ती आणि तिचे सोबती ठरवतात. तो जुना लेखही मूळ शब्दांनिशी छापायचे मनात आहे, पण त्याला लेखकाची परवानगी हवी. दिवाळी झाली की भट्ट्या पेटतील. यंदा त्याच्या घरची माणसे कोणत्या भट्टीवर जाणार, याची चौकशी चालू आहे.

अंकासाठी मीही एक आठवण लिहून दिली होती. त्यात एक वाक्य होते, 'लहानपणी आम्ही खाडीत मासे धरत असू.' परवा तो कागद त्या मुलीने परत आणून दिला. 'मासे' या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात लिहिले होते, 'कोणते?'

मी 'मासे' खोडून 'जिताडे' लिहिले.